गेल्या वर्षभरातील आवडती पुस्तके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधले परिचित वाचक, वाचनालयात भेटणारे सभासद, काही शिक्षक आणि नोकरीनिमित्त परगावी गेलेले जुने नाशिककर दरवर्षी मला विचारतात की यंदा काय वाचले आणि त्यातले काय आवडले. आवडलेल्या पुस्तकांची नावे सांगितली की त्यावर पुढचे प्रश्न येतात. त्यांपैकी जे पुन्हा पुन्हा आले ते येथे एकत्र केले आहेत. ज्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आले आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गेल्या वर्षभरात वाचलेल्यांपैकी तुमची सर्वांत आवडती पुस्तके कोणती?

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’, बाबूराव बागुलांचा कथासंग्रह ‘जेव्हा मी जात चोरली होती’, विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’, दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’, विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’, स. आ. जोगळेकरांनी सिद्ध केलेली हाल सातवाहनाची ‘गाथासप्तशती’, राम पटवर्धनांनी मराठीत आणलेले ‘पाडस’ आणि कृष्णात खोतांची ‘रिंगाण’. हा क्रम आवडीचा नाही. त्यांतून एकच निवडायचे असेल तर प्रश्न ४ पाहावा.

२. तुमचे ‘वर्ष’ जानेवारीपासून धरायचे का?

नाही, गुढीपाडव्यापासून. त्याला कारण ‘ऋतुचक्र’ आहे. ते पुस्तक चैत्रापासून सुरू होते आणि फाल्गुनात संपते, आणि मी ते त्याच क्रमाने वाचले (प्रश्न ७). बाकीचे वाचन त्याच्या आजूबाजूला होत गेले.

३. एवढ्या पुस्तकांतून ‘आवडते’ कसे ठरवता?

माझा निकष एकच आहे: लेखकाने जे पाहिले ते त्याने नेमके सांगितले आहे का? कथानक किती उत्कंठावर्धक आहे, भाषा किती अलंकृत आहे किंवा पुस्तकाला कोणता पुरस्कार मिळाला आहे, या गोष्टी मी नंतर पाहतो. ज्या लेखकाने स्वयंपाकघर, रस्ता, झाड, वेढा पडलेले शहर किंवा भाड्याची खोली पाहिली आणि जशी दिसली तशी, स्वतःच्या सोयीसाठी न बदलता, कागदावर उतरवली, त्याचे पुस्तक माझ्या मनात टिकते. वरच्या यादीतली पुस्तके एकमेकांपासून कितीही दूरची वाटली, तरी या एका बाबतीत ती एका घरातली आहेत. त्यांत वेदविद्या शिकलेला एक भिक्षुक आहे, जेमतेम लिहायला-वाचायला शिकलेली एक गृहिणी आहे, रेल्वेत नोकरी केलेला एक कामगार आहे आणि लोकसाहित्याची थोर अभ्यासक आहे. नेमके पाहण्यासाठी कोणतीही पदवी लागत नाही, हे या चौघांना एकापाठोपाठ वाचताना फार स्पष्टपणे जाणवते.

या निकषामुळे काही चांगली पुस्तके यादीबाहेर राहतात याची मला कल्पना आहे. विचारप्रधान ग्रंथ, समीक्षा आणि कोशवाङ्मय यांना हा निकष लावणे अन्यायाचे होईल, म्हणून ती मी वाचली तरी या यादीसाठी विचारात घेत नाही.

४. मला वर्षातून एखादेच पुस्तक वाचायला वेळ मिळतो. कोणते वाचू?

‘स्मृतिचित्रे’ वाचावे. नाशिककरांनी तर ते वाचलेच पाहिजे, असे मी आग्रहाने सांगतो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, गोदावरीच्या काठच्या जलालपूरचा. हे गाव आजच्या नाशिक शहराला जवळजवळ लागून आहे. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. पुस्तकाची सुरुवातच अशी आहे की वाचक तिथून उठत नाही. १८५७च्या उठावानंतर त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनाने सोवळ्याचा ध्यास घेतला. हा ध्यास बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवून घेण्यापर्यंत गेला आणि साऱ्या घराला त्याने वेठीस धरले. दुसऱ्या एखाद्या लेखकाने या बापाला राक्षस केले असते किंवा हसण्याचा विषय केले असते. लक्ष्मीबाई दोन्ही करत नाहीत. घरातल्या मुलांचे हाल त्या सांगतात, त्यातले हास्यास्पदही सांगतात, आणि तरीही त्या माणसावरची त्यांची माया वाचकाला दिसत राहते.

पुढे बालवयात नारायण वामन टिळकांशी लग्न, त्यांचे वारंवार घर सोडून जाणे, १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारणे, नवराबायकोची काही वर्षांची ताटातूट आणि अखेर १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने घेतलेला बाप्तिस्मा, असा हा प्रवास आहे. धर्मांतराचा विषय म्हटला की आपल्याकडे वाचक आधीच बाजू घेऊन बसतात. या पुस्तकात त्याची गरज पडत नाही, कारण लक्ष्मीबाई कोणाचीही वकिली करत नाहीत. जन्मभर पाळलेला विटाळ आपल्या मनातून कसा गेला, हे त्या इतक्या साधेपणाने सांगतात की त्या जागी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

चार भागांतले हे आत्मचरित्र १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले आणि १९३६ मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. आवृत्ती निवडताना काळजी घ्यावी लागते. त्यासाठी प्रश्न १४ पाहावा.

५. बागुलांच्या कथा वाचताना फार त्रास होतो असे ऐकले आहे. मग त्या ‘आवडत्या’ कशा?

त्रास होतो हे खरे आहे, आणि तो व्हावा म्हणूनच त्या लिहिल्या आहेत. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी परगावी जातो आणि राहायला खोली मिळावी म्हणून जात लपवतो. कथेचा सारा ताण या लपवण्यात आहे. आपल्यावर प्रेम करणारी माणसे कोणत्या समजुतीवर प्रेम करत आहेत, हे त्याला प्रत्येक क्षणी ठाऊक असते; वाचकालाही असते; आणि शेवटी जे घडते ते टळणार नाही हेही दोघांना ठाऊक असते. आज भाड्याने घर शोधणाऱ्या माणसाला आडनाव विचारले जाते, तेव्हा ही कथा जुनी झाली असे कोणाला म्हणता येणार नाही.

बागुल नाशिकजवळच्या विहितगावचे. लहानपणीच ते मुंबईला गेले, तिथल्या कामगार वस्तीत वाढले, रेल्वेत नोकरी केली आणि पुढे नाशिकला परतले. २००८ मध्ये त्यांचे निधन नाशिकमध्येच झाले. आज विहितगाव शहरात सामावले आहे. देवळाली कॅम्पकडे जाणारी कितीतरी माणसे रोज त्या भागातून जातात. त्यांतल्या निदान काहींनी तरी हा संग्रह हाती घ्यावा असे मला मनापासून वाटते. ज्यांना सलग वाचणे जड जाईल त्यांनी एका बैठकीत एकच कथा वाचावी. ‘मरण स्वस्त होत आहे’ (१९६९) हा त्यांचा दुसरा संग्रह त्यानंतर घ्यावा.

६. ‘माझा प्रवास’ इतिहास म्हणून वाचावा की गोष्ट म्हणून?

आठवण म्हणून वाचावा, आणि आठवणीला जेवढे प्रामाण्य देता येते तेवढे द्यावे. विष्णुभट गोडसे हे कोकणातल्या वरसईचे भिक्षुक. घरचे कर्ज फेडावे म्हणून, उत्तरेत मोठा यज्ञ होणार आहे आणि दक्षिणा चांगली मिळेल या आशेने, ते काका रामभटांसह १८५७ मध्ये निघाले आणि थेट उठावाच्या धुमाळीत सापडले. १८५८ मध्ये इंग्रजी फौजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा ते शहराच्या आत होते. त्यांनी हे सारे कागदावर उतरवले ते मात्र जवळजवळ पंचवीस वर्षांनी, १८८३च्या सुमारास. म्हणून तारखा, सैन्याचे आकडे आणि दूरवर घडलेल्या, केवळ कानावर आलेल्या घटना यांसाठी अन्य साधनांचा आधार घ्यावा.

पण वेढ्यात पाणी कसे मिळत होते, लूट करणारे कोणत्या क्रमाने काय नेत होते, उपाशी माणूस काय विचार करतो, या गोष्टी दुसऱ्या कोणत्याही साधनात अशा मिळत नाहीत. गोडसे भटजी शूर असल्याचा आव आणत नाहीत. भीती वाटली तेथे भीती वाटली असे लिहितात, दक्षिणा मिळाली तेथे किती मिळाली हे लिहितात. या प्रांजळपणामुळे मी त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींवर विश्वास ठेवतो. या पुस्तकाच्याही आवृत्त्यांत फरक आहे. प्रश्न १४ पाहावा.

७. ‘ऋतुचक्र’मध्ये कथानक नाही. मग ते वाचायचे कसे?

महिन्याला एक लेख, त्या त्या महिन्यात. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात मराठी बारा महिन्यांचे बारा लेख आहेत आणि पहिल्याच लेखाचे नाव ‘वसंतहृदय चैत्र’ असे आहे. दुर्गाबाई झाडांचे रंग, आभाळ, पाखरे, सणवार आणि लोकांच्या चालीरीती एकत्र पाहतात. सलग वाचले तर चार-पाच लेखांनंतर वर्णनांचा थकवा येतो, असे मला अनेकांनी सांगितले आहे, आणि ते खरे आहे. महिना पाळला की हा थकवा येत नाही, कारण वाचून झाल्यावर दाराबाहेर जाऊन पडताळता येते.

नाशिकमध्ये राहणाऱ्याला हे पडताळणे विशेष फलदायी ठरते. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला इगतपुरी आणि त्र्यंबकला पाऊस कोसळत असतो, तेव्हा पूर्वेला सिन्नर आणि येवल्याकडे शेतकरी आभाळाकडे पाहत असतो. पुस्तकातला आषाढ इगतपुरीला जुळतो, येवल्याला जुळत नाही. अशा जागी मी समासात पेन्सिलने आपल्याकडचे लिहून ठेवले. (हे अर्थातच स्वतःच्या प्रतीत करावे, वाचनालयाच्या नाही.) फाल्गुनात पळस आणि पांगारा, उन्हाळा तापू लागल्यावर बहावा, हे शहराच्या रस्त्यांवरही अजून दिसते, पाहायची सवय मात्र लावून घ्यावी लागते, आणि ती सवय हे पुस्तक लावते.

८. ‘गाथासप्तशती’साठी प्राकृत यावे लागते का?

यावे लागत नाही. स. आ. जोगळेकरांच्या १९५६च्या ग्रंथात मूळ गाथांसोबत मराठी अनुवाद आहे आणि प्रदीर्घ प्रस्तावना आहे. गाथा प्रत्येकी दोन ओळींची आहे, त्यामुळे ग्रंथ जाडजूड असला तरी रोज पाच-दहा गाथा सहज वाचून होतात. प्रस्तावना आधी वाचू नये, असा माझा सल्ला आहे. शंभरेक गाथा वाचून झाल्यावर तिच्याकडे वळावे. मग तिच्यातली माहिती कोरडी वाटत नाही.

महाराष्ट्री प्राकृतातल्या या सातशे गाथांचे संकलन परंपरेने हाल या सातवाहन राजाकडे दिले जाते. राजाच्या नावावरचा ग्रंथ असूनही त्यात राजवाडा क्वचितच आहे. आहेत ते नांगरकरी, त्यांच्या बायका, वाटसरू, सासू-सुना, पावसामुळे अडकलेले नवरे आणि गोदावरीचा काठ. त्याच सातवाहनांची स्मृती आपल्या शहराच्या शिवेवर दगडात कोरलेली आहे. पांडवलेण्यांच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत शिलालेख आहे. त्यात मुलाच्या पराक्रमाचे वर्णन आहे. गाथा वाचत असतानाच्या दिवसांत मी लेण्यांच्या पायऱ्या चढून गेलो. वर राजमातेचा लेख आणि घरी पिशवीत नांगरकऱ्याच्या बायकोचे बोलणे, दोन्ही प्राकृतातले आणि दोन्ही सातवाहनांच्या नावाशी जोडलेले. ही जोड नाशिककराला घरबसल्या मिळते आणि तिचा लाभ फार थोडे लोक घेतात, याची मला खंत वाटते.

गाथांत शृंगार मोकळेपणाने आला आहे. त्यामुळे शाळकरी मुलांसाठी हा ग्रंथ नाही. त्यांच्यासाठी प्रश्न ९ पाहावा.

९. मुलांसाठी या यादीत काही आहे का?

‘पाडस’ आहे. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या १९३८च्या अमेरिकन कादंबरीचा हा अनुवाद ‘सत्यकथा’चे संपादक राम पटवर्धन यांनी केला. फ्लॉरिडाच्या जंगलात राहणारा ज्योडी नावाचा मुलगा हरणाचे पाडस पाळतो, ते मोठे होऊन शेतातले पीक खाऊ लागते, आणि मग घराला धान्य हवे की मुलाला त्याचा सोबती, असा प्रश्न उभा राहतो. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. निफाडकडच्या एका शिक्षिकेने वर्गात रोज थोडे थोडे वाचून दाखवले, तेव्हा शेवटाकडे वर्ग पूर्ण शांत झाल्याचे त्यांनी मला सांगितले.

दहा-अकरा वर्षांच्या आतल्या मुलाला शेवट एकट्याने वाचू देऊ नये. घरातल्या मोठ्या माणसाने सोबत बसून वाचावा.

१०. सगळी पुस्तके जुनी का? नवे काही वाचत नाही का?

वाचतो, आणि ‘रिंगाण’ त्यासाठीच यादीत आहे. कृष्णात खोत यांच्या या कादंबरीला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठवलेल्या गावाची ही कथा आहे. माणसे नव्या जागी गेली आणि मागे राहिलेली जनावरे रानटी झाली, या वास्तवातून ती उभी राहते. विस्थापनावर भाषणे पुष्कळ झाली आहेत. येथे मात्र माणूस आणि म्हैस समोरासमोर येतात आणि विस्थापन म्हणजे काय ते त्या समोरासमोर येण्यातून कळते. आपल्या जिल्ह्यात गंगापूर, दारणा आणि इतर धरणे आहेत, त्यांचे पाणी आपण रोज पितो. म्हणून ही कोल्हापूरकडची कादंबरी मला परक्या मुलखाची वाटली नाही. बोलीभाषेमुळे पहिली वीस-पंचवीस पाने सावकाश जातात. तेवढी ओलांडावीत.

एरवी नव्या पुस्तकांना मी थोडा काळ जाऊ देतो. प्रकाशनाच्या वेळी होणारी चर्चा निवल्यावर वाचले की पुस्तक स्वतःच्या बळावर उभे आहे की नाही ते समजते.

११. नाशिकचे असून यादीत कुसुमाग्रज आणि कानेटकर कसे नाहीत?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि काही वेळा रागाने येतो. ‘विशाखा’ (१९४२) मी दरवर्षी उघडतो, २७ फेब्रुवारीच्या आसपास तर हमखास. जे पुस्तक नित्याचे आहे ते एका वर्षाच्या यादीत घालणे मला योग्य वाटत नाही. वसंत कानेटकरांची नाटके या वर्षी वाचनात आली नाहीत, एवढेच कारण आहे. शिवाय नाटक मला वाचण्यापेक्षा पाहण्यात अधिक कळते.

यादी नाशिकची नाही, एका नाशिककराची आहे. लक्ष्मीबाई आणि बागुल त्यात आले ते प्रश्न ३ मधल्या निकषावर. गावावरून कोणालाही प्रवेश दिलेला नाही.

१२. ही पुस्तके नाशिकमध्ये कोठे मिळतील?

पहिली जागा सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपले ‘सावाना’. १८४० साली स्थापन झालेले हे वाचनालय महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या ग्रंथालयांपैकी आहे. ‘गाथासप्तशती’सारखा ग्रंथ दुकानात सहज सापडत नाही, अशा वेळी जुन्या वाचनालयाला पर्याय नसतो. नाशिकरोड, सिडको, सातपूर, पंचवटी या भागांत राहणाऱ्यांनी आपल्या जवळच्या शासनमान्य ग्रंथालयात आधी चौकशी करावी. अनामत आणि वर्गणी यांची रक्कम प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, पण वर्षभराची वर्गणी सहसा दोन-तीन नव्या पुस्तकांच्या किमतीहून जास्त होत नाही.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातून ग्रंथपेट्या वाचकांच्या गटांपर्यंत जातात. सोसायटीतल्या किंवा कार्यालयातल्या मंडळींनी मिळून वाचायचे असेल तर ही फार चांगली सोय आहे, आणि ती नाशिकमधून सुरू झाली याचा मला अभिमान वाटतो.

विकत घ्यायचे असेल तर मेनरोड, महात्मा गांधी रोड आणि कॉलेज रोड परिसरातल्या पुस्तकविक्रेत्यांकडे लेखक, पुस्तक आणि प्रकाशन ही तिन्ही नावे लिहून द्यावीत. नसलेले पुस्तक ते मागवून देतात.

१३. तुमच्याकडे पीडीएफ असेल तर पाठवाल का?

लेखकाचे हक्क अस्तित्वात असतील तर नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. बागुल २००८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कथांवर २०६८ अखेरपर्यंत वारसांचा हक्क आहे. दुर्गाबाई २००२ मध्ये आणि बेडेकर १९९८ मध्ये गेले. त्यांच्याही पुस्तकांवर हक्क आहेत. मराठी पुस्तकाची एक आवृत्ती संपायला कित्येक वर्षे लागतात, अशा स्थितीत फुकट फिरणारी प्रत प्रकाशकाला पुढची आवृत्ती काढण्यापासून परावृत्त करते, आणि मग पुस्तक कोणालाच मिळत नाही.

‘स्मृतिचित्रे’ आणि ‘माझा प्रवास’ यांच्या मूळ लेखनावरचा हक्क केव्हाच संपला आहे. मात्र अलीकडच्या संपादकाने लिहिलेली प्रस्तावना आणि टिपा यांवर त्या संपादकाचा हक्क असू शकतो, हे विसरू नये. अनुवादाचेही तसेच आहे. मूळ लेखक आणि अनुवादक यांचे हक्क वेगवेगळे मोजले जातात. अधिकृतपणे विनामूल्य वाचायचे असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने त्यांच्या संकेतस्थळावर आहेत, आणि मराठी विकिस्रोतावर हक्कमुक्त पुस्तके आहेत.

१४. एकाच पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या दिसतात. कोणती घ्यावी?

‘स्मृतिचित्रे’ची संक्षिप्त आवृत्तीही प्रचलित आहे आणि घाईत तीच हाती येते. तिने ओळख होते, पण बारीक तपशील हेच या पुस्तकाचे बळ असल्याने संक्षेपात त्याचे मोठे नुकसान होते. अशोक देवदत्त टिळक यांनी, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या नातवाने, संपादित केलेली ‘अभिनव आवृत्ती’ घ्यावी.

‘माझा प्रवास’ प्रथम १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केला, तोही संस्कार करून. गोडसे यांची मूळ भाषा वाचायची असेल तर दत्तो वामन पोतदारांनी हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती शोधावी. ती वाचायला थोडी अवघड आहे. प्रथमच वाचणाऱ्याने वैद्यांच्या पाठावर आधारलेली आवृत्ती घेतली तरी चालेल, फक्त आपण कोणता पाठ वाचत आहोत हे ठाऊक असावे.

१५. मी रोज पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जातो. गाडीत वाचण्यासाठी काय घ्यावे?

बसायला जागा मिळत असेल तर ‘रणांगण’ घ्यावे. १९३९ची ही छोटेखानी कादंबरी जाण्यायेण्याच्या वेळेत दोन-तीन दिवसांत पूर्ण होते. युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर नावाचा मराठी तरुण आणि नाझी जर्मनीतून परागंदा झालेली हॅर्टा ही ज्यू तरुणी भेटतात. बोट बंदराला लागेपर्यंतचाच काळ त्यांच्यापाशी आहे. प्रवासात वाचताना या मर्यादित काळाची जाणीव अधिक तीव्र होते. महायुद्धाच्या तोंडावर प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात बेडेकरांनी युरोपातल्या ज्यूंची जी अवस्था दाखवली, ती त्या वेळी मराठीत दुसऱ्या कोणी इतक्या जवळून दाखवली असेल असे मला वाटत नाही.

उभ्याने प्रवास असेल तर ‘गाथासप्तशती’चा जाड ग्रंथ नेता येणार नाही, पण आदल्या रात्री चार गाथा वहीत उतरवून नेता येतात.

१६. ऐकलेले पुस्तक ‘वाचले’ असे धरता का?

पूर्ण, असंक्षिप्त वाचन ऐकले असेल तर धरतो. ज्यांची दृष्टी अधू झाली आहे अशा ज्येष्ठ वाचकांना हा मोठा आधार आहे, आणि ‘स्मृतिचित्रे’ तर कोणीतरी बोलत असल्यासारखेच लिहिले आहे. नाट्यरूपांतर किंवा सारांश ऐकला असेल तर धरत नाही.

१७. आधी वाचलेले पुस्तक यंदाच्या यादीत येऊ शकते का?

येऊ शकते, जर मधे पुष्कळ वर्षे गेली असतील आणि या वेळी वेगळे काही दिसले असेल. ‘रणांगण’ मी महाविद्यालयात असताना प्रेमकथा म्हणून वाचले होते. या वर्षी बोटीवरचे इतर प्रवासी दिसले. दरवर्षी उघडल्या जाणाऱ्या पुस्तकांसाठी प्रश्न ११ पाहावा.

१८. पारायण आणि दिवाळी अंक यांचे काय?

आमच्याकडे पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची यात्रा असते आणि त्या सुमारास अनेक घरांत ज्ञानेश्वरी वाचली जाते. पारायणाचा हेतू उपासनेचा असतो. तिथे आवडनिवड लावणे गैर आहे. ज्ञानेश्वरीचा अर्थ लावत, अध्यायाअध्यायाने अभ्यास केला तर ते वेगळे वाचन आहे आणि ते जरूर मोजावे.

दिवाळी अंक मी यादीत घेत नाही, कारण एका अंकात अनेक हात असतात. पण १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा अंक काढून सुरू केलेली ही परंपरा मला प्रिय आहे, आणि पुढच्या वर्षी कोणाला वाचायचे हे मी बहुधा दिवाळी अंकांवरूनच ठरवतो.

१९. पुस्तक किती पाने वाचल्यावर सोडून द्यावे?

ठरावीक पानसंख्या मी मानत नाही. भाषा अनोळखी असल्यामुळे अडत असेल तर सोडू नये. ‘रिंगाण’ आणि पोतदारांचा ‘माझा प्रवास’ ही त्याची उदाहरणे आहेत. लेखक स्वतः न पाहिलेले सांगतो आहे असे वाटू लागले तर मी सोडतो. मजकूर मनाला झेपत नसेल तर काही महिने बाजूला ठेवावे. प्रश्न ५ मधली एका बैठकीत एक कथा ही रीत तेथेही उपयोगी पडते.

२०. परिचित व्यक्तीने लिहिलेले पुस्तक आवडले तर ते यादीत घालता का?

घालत नाही, आणि हे त्या व्यक्तीला आधीच सांगतो. आपल्या शहरात लिहिणारे पुष्कळ आहेत, प्रकाशन समारंभ होतात, आणि समोरासमोरच्या ओळखीत निकोप मत देणे मला जमत नाही. अशा पुस्तकाची एक प्रत मी विकत घेतो, वाचतो, आणि काय आवडले व काय खटकले ते लेखकाला पत्राने कळवतो. भेट म्हणून मिळालेली प्रत असली तरी हाच नियम पाळतो. त्या प्रतीचे पैसे कोणी घेत नसेल तर दुसरी प्रत घेऊन जवळच्या ग्रंथालयाला देतो.